मानसभेत मोठ्यांनी गप्प बसायचं

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या शाळेत पाचवीला नव्यानं आलेल्या पोरीलाही आठवड्याभरात कळतं. मूळची मी मोडनिंबची. तिकडं या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय, आणि सोलापुरात नोकरीला लागून अर्धं आयुष्य गेलं तरी आवाज काही शहरी झाला नाही. शिट्टी गळ्यात असते, पण ती आपली शोभेला. मी नुसतं ‘एऽ’ म्हटलं की मैदानाच्या त्या टोकाला धावणारी पोरगी जागच्या जागी थांबते. तर असल्या बाईकडं शाळेनं गाईडचं पथक दिलं, आणि त्या पथकात मी सगळ्यात कडक पाळलेला नियम कुठला म्हणाल, तर बाईंनी गप्प बसायचं. हसा, हसा. माझा नवराही असाच हसतो. म्हणतो, हा नियम घरी कधी लागू होणार?

आमची शाळा शहराच्या पूर्वभागात. वर्गाची खिडकी उघडली की शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खटखट ऐकू येते, आणि ती मध्येच थांबली की पोरींचं फळ्यावरचं लक्ष उडतं, कारण माग बंद म्हणजे घरी अप्पा चिडलेले. निम्म्याहून जास्त मुली मागवाल्यांच्या घरच्या. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी, आणि गणिताच्या तासाला कुठलीच भाषा चालत नाही. बाकीच्या मुली नोकरीधंद्यासाठी तालुक्यांतून शहरात आलेल्यांच्या. अशा सगळ्या मिळून आमचं पथक.

पथकाचे चार संघ, फुलांच्या नावांचे: कमळ, जाई, गुलाब, मोगरा. प्रत्येक संघानं आपल्यातली एक संघनायिका निवडायची आणि नायिकेनं आपली उपनायिका. या चौघी संघनायिका आणि सगळ्या पथकाची मिळून एक पथकनायिका, अशा पाचजणी गोल करून बसल्या की तिला मानसभा म्हणतात. पथकातले तंटे, शिक्षा, शाबासकी, शिबिरात पिठलं करायचं की खिचडी, सगळं मानसभेत ठरतं. मला तिथं बसता येतं. त्यांनी विचारलं तर सल्ला देता येतो. मत देता येत नाही, आणि न विचारता तोंड उघडता येत नाही. हे काही मी शोधून काढलेलं नाही, स्काउट-गाईडच्या पुस्तकात पहिल्यापासून आहे. पण पाळतं कोण? बहुतेक शाळांत मानसभा म्हणजे बाई सांगणार आणि पोरी माना हलवणार. मी पाळते. जीभ दातांखाली धरून पाळते.

आणखी दोन नियम आमच्याकडं पक्के. एक, कुठल्याही मुलीला काम सांगायचं तर तिच्या नायिकेमार्फत. एकदा शिबिरात विज्ञानाच्या बाईंनी परस्पर एका मुलीला पाणी आणायला पिटाळलं, तेव्हा मी त्यांच्यावर अशी कडाडले की त्या बिचाऱ्या स्वतःच कळशी घेऊन निघाल्या. दुसरा, नायिकेनं सगळ्यांत शेवटी जेवायचं. एका आईला हे अजिबात पटलं नव्हतं. डबा घेऊन मैदानावर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, “बाई, माझी पोरगी मोठी झाली म्हणून उपाशी बसायची का?” मी म्हटलं, “होय अम्मा, मोठी झाली म्हणूनच.” ती पुटपुटत गेली, पण दुसऱ्या दिवशी डब्यात सगळ्या संघाला पुरेल एवढी शेंगाचटणी आली.

असं बरं चाललं होतं, तोवर शाळेला नवीन मुख्याध्यापिका आल्या. मुली त्यांना मोठ्या बाई म्हणतात, मीही इथं तेच म्हणते. बाई कडक इस्त्रीच्या, वेळेच्या पक्क्या, आणि कामाला वाघीण. आल्या आल्या त्यांनी शाळेचे गळके नळ दुरुस्त केले, त्यामुळं मला त्या आवडल्याच होत्या. जूनमध्ये आमची नायिकांची निवड झाली आणि त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

“कमळ संघाची नायिका गणितात नापास आहे,” त्या म्हणाल्या. “हे कसं काय?”

“मॅडम, ती गणिताची नायिका नाही, कमळची आहे.”

“नेतृत्व हुशार मुलीकडं हवं. बाहेर कार्यक्रमात शाळेचं तोंड तीच असते. पुढच्या वेळेपासून नायिका ऑफिस ठरवेल, गुणपत्रक बघून. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची नातही पुढच्या वर्षी आपल्याकडं आठवीत येतेय, चांगली बोलते.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, “गुणपत्रक बघून नायिका नेमायची तर मग पथक कशाला? अभ्यासिका काढू.” त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं. रागावल्या असत्या तर भांडण करून मोकळी झाले असते. शांतपणे म्हणाल्या, “ठीक आहे. हिवाळ्यात जिल्हा मेळावा आहे. तोपर्यंत तुमच्या पद्धतीनं चालू द्या. तिथं सगळं नीट झालं तर मी या विषयात पडणार नाही. काही गडबड झाली, तर पुढच्या जूनपासून निवड माझी. कबूल?”

“कबूल,” मी म्हटलं. बाहेर आल्यावर ध्यानात आलं. शब्द माझा, पण पणाला लागलं होतं ते पोरींचं. आपला म्होरक्या आपण निवडायचा, एवढा एकच हक्क त्या मुलींना साऱ्या शाळेत होता. घरी त्यांना भाजी कुठली करायची हेसुद्धा कुणी विचारत नाही.

आता ही कमळची नायिका. काडीसारखी पोरगी, तेल चोपडून घातलेली वेणी, बोलायला लागली की अर्धं वाक्य मराठीत सुरू होऊन तेलुगूत संपायचं. तिला तिच्या संघानं का निवडलं ते मला चांगलं माहीत होतं. संघातली एक मुलगी लग्नसराईत शाळेला येईनाशी झाली. घरी टॉवेलांचा ढीग पडलेला, आणि मागावरून उतरलेल्या टॉवेलांचे सुटे धागे कात्रीनं कापायचं काम तिच्याकडं. मी असते तर तिच्या बापाशी भांडायला गेले असते. ही गेली, तिच्याशेजारी बसली, दुसरी कात्री मागून घेतली, आणि ढीग संपेपर्यंत रोज शाळा सुटल्यावर जाऊन धागे कापत राहिली. काम संपलं तेव्हा त्या मुलीच्या अप्पांनी आपण होऊन तिला शाळेत पाठवून दिलं. हीच मुलगी पुढं तिची उपनायिका झाली. दोघींची जोडी अशी की एकीला शिंक आली तर दुसरी रुमाल काढायची.

मेळावा शहराबाहेरच्या एका मोठ्या मैदानावर होता. सगळ्या तालुक्यांतून पथकं आलेली. तंबू, झेंडे, आणि जिकडंतिकडं खिचडीचा धूर. प्रत्येक पथकाला आपल्या जागेसमोर बांबू आणि दोरीची कमान उभारायची होती. खिळा नाही, तार नाही, नुसत्या गाठी. मानसभेनं हे काम कमळला दिलं होतं, कारण गाठ मारण्यात त्या पोरींचा हात कुणी धरू शकत नाही. तुटलेला धागा जोडण्यात त्यांचं लहानपण गेलेलं. मला शिकवायला दोन शनिवार लागतात, ते त्या गप्पा मारता मारता करतात.

सकाळीच कमान उभी राहिली. काय देखणी झाली होती म्हणून सांगू! बांबू सरळ, फुलांच्या माळा, वरती पाटी. परीक्षक फेरीवर आले, पांढऱ्या मिशांचे निवृत्त गृहस्थ. त्यांनी गाठींवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “अहो, इतकं सुबक काम या मैदानावर कुणाचंच नाही. एक टोक बाहेर दिसत नाही, सगळी आत खोचलीत वाटतं.” मोठ्या बाई खास मेळाव्यासाठी आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघून चक्क मान डोलावली. मी मनात म्हटलं, जिंकलो.

दुपारी वारं सुटलं. मोठ्या बाई शाळेच्या ग्रुपवर टाकायला कमानीचा फोटो काढत होत्या, तेवढ्यात ती हलली. धाडकन पडली नाही, बसली. म्हैस बसते तशी, आधी पुढचे गुडघे, मग मागचा भार. सगळ्यात शेवटी शाळेच्या नावाची पाटी मोठ्या बाईंच्या पायाशी येऊन पडली. कुणाला लागलं नाही, एवढीच देवाची कृपा. शेजारच्या पथकातली पोरं फिदीफिदी हसायला लागली. त्यांच्याकडं मी एकदाच बघितलं, पुरलं तेवढं.

परीक्षक धावत आले. त्यांनी सुटलेली दोरी उचलली, टोक डोळ्यांसमोर धरलं आणि विचारलं, “गाठीच्या पुढं शेपूट कुठाय? चार बोटं दोरी सोडायची असते, तर ताण आला की गाठ आवळते. इथं तर कापलीय. सगळ्याच गाठींची कापलीय! कुणी केलं हे?”

मी पोरींकडं बघितलं. उपनायिकेचा चेहरा पांढराफटक, एक हात कुर्त्याच्या खिशात, आणि खिशातून कात्रीच्या कड्या डोकावत होत्या. मला क्षणात सगळं उमगलं. टॉवेल उतरला की धागे कापायचे. गाठ मारली की टोकं उडवायची. धाग्याला धागा चिकटून राहतो, पण ही गुळगुळीत नायलॉनची दोरी, ती शेपटाशिवाय कशी तग धरणार? लहानपणापासून जे केल्यावर शाबासकी मिळाली, तेच तिनं इथं मन लावून केलं होतं, शेवटचा हात म्हणून.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात नायिका पुढं आली. ताठ उभी राहिली, तीन बोटांचा सॅल्यूट केला आणि म्हणाली, “कमळ संघानं केलं, सर. नायिका मी आहे.”

अख्खं वाक्य मराठीत. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

मोठ्या बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला. “झालं समाधान?” त्या मला म्हणाल्या, आणि मग त्या पोरीकडं वळून, “तुझ्या खिशावरच्या नायिकेच्या पट्ट्या काढून दे.”

पोरीचा हात खिशावरच्या त्या पांढऱ्या पट्ट्यांकडं गेलासुद्धा. आणि माझं मोडनिंब तोंडातून बाहेर पडलं. “हात खाली! मॅडम, त्या पट्ट्या तुमी बी काडायच्या न्हाईत आन् मी बी न्हाई. पुढच्या जूनचं जूनमदी बगू. आज तिचं काय करायचं ते मानसभा ठरवील.”

“मग मीही बसते मानसभेत,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“बसा की,” मी म्हटलं. “कोण नको म्हणतंय?”

मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली सतरंजी टाकली. पाच मुली गोल बसल्या, आम्हा दोघींना मागं खुर्च्या. पथकनायिका दहावीतली, घरी दखनी बोलणारी, चष्मा नाकावर घसरलेला. ती कमळच्या नायिकेला म्हणाली, “सांग, काय झालं.”

“कमान पडली,” ती म्हणाली. “मी सकाळी गाठी तपासल्या होत्या. टोकं कापलेली बघितली होती. मला ती चांगली दिसली. घरी आम्ही असंच करतो ना, मला खटकलंच नाही. म्हणून चूक माझी. माझ्या पट्ट्या घ्या.” कात्री कुणाच्या हातात होती, याचं चकार नाव तिनं घेतलं नाही.

तेवढ्यात उपनायिका झाडाजवळ येऊन उभी राहिली. ती मानसभेत नसते, पण कुणाला काही सांगायचं असेल तर परवानगी मागून येता येतं. तिनं मागितली. आत आली ती रडतच. “मी कापली. ती स्वयंपाकाकडं गेली होती. शेपटं लोंबत होती, घाण दिसत होती. असा माल गेला तर व्यापारी परत पाठवतो. मला वाटलं परीक्षक नाक मुरडतील.” आणि मग नायिकेकडं वळून तिनं तेलुगूत काहीतरी सुनावलं. त्यातलं मला एवढंच कळलं की माझा गुन्हा तू का घेतलास म्हणून ती तिलाच रागावत होती.

“हे बघा मुलींनो,” मोठ्या बाईंनी सुरुवात केली.

पथकनायिका उभी राहिली. चष्मा वर सारला. म्हणाली, “मोठ्या बाई, माफ करा. मानसभेत विचारल्याशिवाय मोठ्यांनी बोलायचं नाही. बोलायचं असेल तर हात वर करा.”

शाळेत मोठ्या बाई समोरून आल्या तर ही पोरगी भिंतीला चिकटून उभी राहते. मी सावरायला म्हणून “अगं, जरा...” एवढंच म्हटलं, तर ती माझ्याकडं वळली. “बाई, तुम्ही पण.”

खुर्चीत मागं टेकून बसले मी. आतून असं काही फुलून आलं की विचारू नका. माझ्या आवाजाला आधीचे मुख्याध्यापक दचकायचे, आणि या पोरीनं मला गप्प केलं होतं. मीच दिलेल्या हिमतीवर.

मग त्यांचं सुरू झालं. गुलाबची नायिका म्हणाली, पट्ट्या काढा, सगळ्या मेळाव्यात आपलं हसं झालं. मोगऱ्याची म्हणाली, नायिकेला ठेवा, उपनायिकेला काढा, कात्री तिची होती. कमळची नायिका तिच्यावर उसळली, पथकनायिकेनं तिला खाली बसवलं. मला दोन्ही बाजू पटत होत्या आणि दोन्ही नव्हत्या. जीभ नुसती शिवशिवत होती. शेजारी मोठ्या बाई ओठ घट्ट मिटून बसलेल्या. पट्ट्या गेल्या तर जूनमध्ये मला दाखवायला त्यांच्या हातात केवढा मोठा पुरावा येणार होता! मुलींनीच काढली म्हणजे मुलींचीच निवड चुकली.

जाईची नायिका एवढा वेळ गवताची काडी चावत बसली होती. सांगोल्याकडची मुलगी, घरी मेंढरं, इथं मामाकडं शिकायला राहिलेली. सहसा बोलत नाही. पथकनायिकेनं विचारलं, “तुझं काय मत?”

“काडू नका तिला,” ती म्हणाली.

“का?”

“काडलं की सुटली ती. आमच्यात मेंढरू हरवलं तर राखणाऱ्याला घरी न्हाय पाटवत. त्यालाच हुडकायला पाटवत्यात. जावा म्हनत्यात, घिऊन या. पट्ट्या काडून घिऊन ही जाऊन झोपंल, आन् कमान कोन बांदायची? नायिका हाय तर बांदू दे की तिला. दोगीस्नी बी. उद्या सकाळी झेंड्याला पावणे येनार, ते आपल्या कमानीखालनंच गेलं पायजेत.”

ज्या गोष्टीवर मी आणि मोठ्या बाई जूनपासून भांडत होतो, ती या पोरीनं तिथं बसल्या बसल्या निकालात काढली. मोठ्या बाईंना नायिकापद बक्षीस वाटत होतं, नापास झालं की काढून घ्यायचं. मला हक्क वाटत होता. आणि ही म्हणत होती, ते ओझं आहे, चुकलीस म्हणून तुला खाली ठेवता येणार नाही.

हात वर झाले. पाचही. कमळच्या नायिकेचा सुद्धा, रडत रडत. ठरलं ते असं: पट्ट्या राहतील. कमान कमळनंच पुन्हा बांधायची, दुसऱ्या संघांनी बांबूला हात लावायचा नाही. गुण मिळणार नाहीत, तरी बांधायची. आणि शेपूट कापलं तर काय होतं, हे कमळच्या दोघींनी सगळ्या पथकाला उभं राहून शिकवायचं.

तेव्हा माझ्या शेजारी हालचाल झाली. मोठ्या बाईंनी हात वर केला होता. पूर्ण वर, वर्गात करतात तसा.

“बोला, मोठ्या बाई,” पथकनायिका म्हणाली.

“आणि पुन्हा पडली तर?”

उत्तर जाईकडून आलं. “तवा बी तीच बांदंल की.”

मोठ्या बाईंना हसू आवरलं नाही. मलाही.

ऊन उतरायच्या आत कमळच्या पोरी कामाला लागल्या. बांबू जड होते, वारं थांबलेलं नव्हतं. एक खांब तिरका जायला लागला तेव्हा मी धरायला धावले, तर उपनायिका म्हणाली, “नको बाई, ठरलंय आमचं.” मी मुकाट्यानं मागं सरले. स्टीलच्या पेल्यात चहा आणला आणि मोठ्या बाईंच्या शेजारी जाऊन बसले. नायिका गाठ मारायची, उपनायिका चार बोटं लावून शेपूट मोजायची आणि मगच पुढच्या गाठीकडं जायच्या दोघी. मागाच्या खटखटीत वाढलेल्या त्या हातांना टोक मोकळं सोडताना किती जड जात होतं, ते लांबूनही दिसत होतं. उपनायिकेनं तर कात्री आपण होऊन पथकनायिकेकडं ठेवायला दिली होती.

“मी असते तर काढलं असतं तिला,” मोठ्या बाई हळू म्हणाल्या.

“मी असते तर माफ केलं असतं,” मी म्हटलं. “म्हणून तर आपल्याला तिथं बोलू देत न्हाईत.”

सकाळी कमान उभी होती. आदल्या दिवशीइतकी देखणी मुळीच नव्हती. जिथं बघावं तिथं दोरीची शेपटं लोंबत होती, माळाही कोमेजलेल्या. पण वाऱ्याला तिनं दाद दिली नाही. पाहुणे तिच्याखालून गेले, झेंडा वर गेला, आणि सॅल्यूटला उभी राहिलेली कमळची नायिका सारखी डोळ्याच्या कोपऱ्यातून कमानीकडं बघत होती. परीक्षकांनी गुण आदल्या दिवशीच देऊन टाकले होते. कमानीच्या स्पर्धेत आमचा नंबर खालून पहिला.

म्हणजे शब्दाप्रमाणे मी हरले होते. गडबड झाली होती, अख्ख्या जिल्ह्यासमोर झाली होती. मोठ्या बाईंनी नंतर तो विषय काढला नाही आणि मीही नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ते किती कठीण गेलं असेल ते माझ्या नवऱ्याला विचारा. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी जीव टांगणीला लागलेला. पोरींना काय सांगायचं? तुम्ही चुकलात, निस्तरलंत, तुमच्या अकलेनं मोठ्या माणसांना गप्प केलंत, आणि आता तुमची नायिका ऑफिस नेमणार? पण शब्द दिला होता. मोडनिंबची असले तरी दिलेला शब्द फिरवत नाही मी.

शाळा सुरू झाली. पहिल्याच शनिवारी पोरी निवडीसाठी मैदानावर जमल्या आणि मला ऑफिसातून बोलावणं आलं. आत संस्थेचे ते पदाधिकारी बसलेले, शेजारी त्यांची नात, नव्याकोऱ्या गणवेशात. मी दारातच ओळखलं, संपलं सगळं.

“या बाई,” पदाधिकारी म्हणाले. “आमच्या नातीला यंदा नायिका करायचं. गेल्या वर्षीच मॅडमशी बोलणं झालंय.”

मी मोठ्या बाईंकडं बघितलं. त्यांनी बोट जरी उचललं असतं तरी मला मान तुकवावी लागली असती. त्यांनी समोरची फाईल बंद केली.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “तिथं माझं चालत नाही.”

“म्हणजे? मुख्याध्यापिका तुम्ही ना?”

“शाळेची. पथकाची नाही. तिथं मुली निवडतात. हिला मैदानावर पाठवा, बांबू उचलू दे, भांडी घासू दे. पोरींना पटली तर करतील नायिका. नाही पटली तर मी काहीच करू शकत नाही.” बाई असं बोलत होत्या जणू ही पद्धत त्यांनीच या शाळेत आणली असावी.

साहेब माझ्याकडं वळले. “बरं, बाई, तुम्ही तर सगळं पथक चालवता. तुमचं तरी चालत असेल की?”

“माझं?” मी म्हटलं. आवाज असा निघाला की बाहेर मैदानावर पोरींनी माना वळवल्या असतील. “माझं तर अजिबात चालत न्हाई, साहेब.” इतक्या अभिमानानं मी आयुष्यात दुसरं काही बोललेली नाही.